एकशेसाठ चौरस इंचांचे घर

चाळिशी उलटलेली बाई बाहुलीघर मांडून बसते म्हटल्यावर लोकांना हसू येते. 'भातुकली खेळायचे वय आहे का हे?' असा प्रश्न मला ऑफिसात, विहारात आणि घरातही विचारून झाला आहे. विचारणाऱ्यांपैकीच कुणी टपाल तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी क्रिकेटचे आकडे पाठ करतो. त्यांना कुणी वय विचारत नाही. बाईच्या वाट्याला घर यावे ते खऱ्या आकाराचे आणि झाडण्यापुसण्यापुरते, अशी एकूण समजूत दिसते. या छंदात मला गेली काही वर्षे जो आनंद मिळाला तो वाचक भगिनींना, आणि बंधूंनाही, सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात बाहुलीघर हे मुलांचे खेळणे नव्हतेच. युरोपात ज्या सर्वांत जुन्या बाहुलीघराची नोंद सापडते, ते बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५७-५८ च्या सुमारास करून घेतले. राज्य करणारा माणूस! त्याला कुणी वय विचारल्याचे ऐकिवात नाही. पुढे १६३१ साली न्यूरेंबर्ग शहरातल्या आन्ना क्योफर्लिन नावाच्या बाईने आपण जमवलेले बाहुलीघर पैसे घेऊन लोकांना दाखवले. मुलींनी ते पाहून घर कसे चालवावे हे शिकावे, असे तिचे सांगणे होते. बाईने मौज केली तरी तिला 'शिक्षण' म्हणावे लागते, ते तेव्हापासून.

ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऑर्टमन हिने मात्र अशी सबब सांगितली नाही. रेशमाच्या व्यापाऱ्याची ही पत्नी. १६८६ पासून १७१० पर्यंत तिचे बाहुलीघर सजत राहिले. कासवाच्या पाठीचे जडावकाम केलेले उंच कपाट, त्यात घराच्या खोल्या, आणि खोल्यांतली प्रत्येक वस्तू त्या त्या कारागिराकडून खऱ्या सामानाची करून घेतलेली. टोपली खऱ्या बुरुडाने विणलेली, चांदी खऱ्या सोनाराने घडवलेली. आज ते ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यावर वीस ते तीस हजार गिल्डर खर्च झाले, असे तेथील जाणकार सांगतात. तेवढ्यात त्या काळी कालव्याच्या काठी खरेखुरे घर विकत मिळत असे. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. हा आकडा वाचून दोन दिवस बेचैन होते.

पण खरी बेचैनी वाढली ती इंग्लंडच्या राणी मेरीच्या बाहुलीघराची माहिती वाचून. १९२१ ते १९२४ या काळात ते तयार झाले. त्याचा आराखडा केला एडविन लटयन्स यांनी. नव्या दिल्लीतला व्हाइसरॉयचा वाडा, म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, आखणारे तेच हे लटयन्स. प्रमाण फुटाला एक इंच. घरात विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते, नळांना गरम आणि गार पाणी येते. संडासाचा फ्लशसुद्धा चालतो. तळघरात खऱ्या दारूच्या बोटभर बाटल्या आहेत. ग्रंथालयात त्या काळच्या नामवंत लेखकांनी खास लिहिलेली चिमुकली पुस्तके आहेत. शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयल यांनी तर एक नवी गोष्टच लिहून दिली. बर्नार्ड शॉ यांनी मात्र नकार दिला. (शॉ यांच्याबद्दल मला आधीपासून आदर होता, तो वाढला.) १९२४ च्या वेम्बली प्रदर्शनात सोळा लाखांवर लोकांनी ते घर पाहिले. सध्या ते विंडसरच्या किल्ल्यात आहे.

आता त्याच साम्राज्याने त्याच वर्षांत मुंबईत काय बांधले ते पाहा. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळी, आपल्या बीडीडी चाळी! वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, मधून अंधारा पॅसेज, आणि संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांत मिळून. खोली १६० चौरस फुटांची. ज्या घरात कुणी राहायला जाणार नव्हते तिथे गरम-गार पाण्याचे नळ, आणि जिथे एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहिली तिथे संडासाला रांग. राणीच्या घराचे प्रदर्शन झाले त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२७ साली, बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी जावे लागले. हे वाचल्यापासून बाहुलीघर म्हणजे नुसती नटवी वस्तू, असे मला म्हणवत नाही. कुणाचे घर जपून ठेवण्याच्या लायकीचे समजले गेले, याचीही त्यात नोंद असते.

याच विचाराने मी शोध घेत गेले, तेव्हा दोन अमेरिकन स्त्रिया भेटल्या. पुस्तकांतूनच, अर्थात. पहिली फ्रान्सिस ग्लेसनर ली. जन्म १८७८, शिकागोच्या श्रीमंत घरातला. भाऊ हार्वर्डला शिकला, हिला कॉलेजात जाऊ दिले नाही. घरच्या जबाबदाऱ्या संपल्यावर, साठी ओलांडल्यावर, १९४० च्या दशकात हिने छोट्या छोट्या खोल्या बनवायला घेतल्या, पण कशाच्या? जिथे माणूस संशयास्पद रीतीने मेला आहे अशा जागांच्या! पोलिसांनी खोली कशी न्याहाळावी, हे शिकवण्यासाठी. टाचण्यांवर विणलेले पायमोजे, ओट्यावर अर्धवट राहिलेला स्वयंपाक, सगळे फुटाला एक इंच या प्रमाणात. आणि त्यांतल्या कितीतरी खोल्या गरिबांच्या, भाड्याच्या, एकट्यादुकट्या बायकांच्या आहेत. एरवी अशा बाईच्या मरणाकडे कुणी दोनदा पाहिले नसते. त्यांतल्या अठरा खोल्या बाल्टिमोरच्या वैद्यकीय तपासणी कार्यालयात आहेत आणि पोलीस अधिकारी त्यांवर आजही शिकतात.

दुसरी कॅरन कॉलिन्स, लॉस एंजेलिसकडची कृष्णवर्णीय स्त्री. लहानपणी हिला बाहुलीघर हवे होते, ते मिळाले नाही. मोठेपणी तिने ते स्वतः मिळवले, आणि तेवढ्यावर न थांबता आपल्या लोकांचा इतिहास छोट्या पेट्यांमधून उभा करायला घेतला. गुलामांच्या जहाजापासून नागरी हक्कांच्या लढ्यापर्यंत. पेटीतली माणसे तिने स्वतःच्या हातांनी घडवली. या संग्रहाला तिने 'आफ्रिकन अमेरिकन मिनिएचर म्युझियम' असे नाव दिले. १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून आपल्या दोन समाजांची दुःखे जुळतात हे कळवले होते, ते अशा वेळी आठवते.

कॉलिन्सबाईंबद्दल वाचले आणि माझे ठरले. माझे बालपण बीडीडी चाळीत गेले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट आहे. पुन्हा त्या रांगेत उभे राहावे असे मला मुळीच वाटत नाही. पण आई ज्या खोलीत सहा माणसांचा संसार करीत होती, ती खोली कशी होती हे माझ्या मुलाला सांगून समजत नाही.

हिशेब सोपा आहे. खोली दहा बाय सोळा फूट धरली तर फुटाला एक इंच या राणीच्याच प्रमाणात ती दहा बाय सोळा इंच होते. म्हणजे १६० चौरस फुटांचे बरोबर १६० चौरस इंच. साडीच्या मोठ्या खोक्यात मावते! मी सुरुवात खोक्यानेच केली, नंतर जाड पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या. समोरची भिंत काढलेलीच ठेवायची, म्हणजे आत हात जातो.

सामान बहुतेक घरातलेच. पत्र्याची ट्रंक म्हणजे चॉकलेटची चांदी चिकटवलेली काडेपेटी. पाण्याचे पिंप म्हणजे औषधाची रिकामी डबी. पाट्याला आणि वरवंट्याला नदीतले दोन गोटे शोधायला मात्र तीन महिने लागले, कारण वरवंट्यासारखा निमुळता गोटा हवा तेव्हा सापडत नाही. मोरीची फरशी ओली दिसायला हवी होती. करड्या पुठ्ठ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले आणि ती कायमची ओली झाली.

सर्वांत छळले ते गोधडीने. नव्या कापडाची गोधडी शिवली तर ती पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. कापड छोटे केले तरी त्याचा ताठपणा छोटा होत नाही, हे तेव्हा कळले. शेवटी आईच्या विरलेल्या साडीचा तुकडा घेतला. धुऊन धुऊन मऊ झालेले ते कापड मात्र बोटभर पलंगावरसुद्धा खऱ्या वाकळेसारखे पडले. फुले असलेले कापड घ्यायचे तर फुले मोहरीएवढी हवीत, नाहीतर सगळा घात होतो.

भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो हा माझ्या अभिमानाचा विषय आहे. ते टपाल तिकीट आहे. बाबासाहेबांचे पहिले तिकीट १९६६ साली निघाले, पुढे आणखी कितीतरी. तीन सेंटिमीटरचे तिकीट बारापट केले तर छत्तीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घरोघरी असतो तेवढाच फोटो. काळ्या पुठ्ठ्याची बारीक चौकट केली की झाले. बुद्धमूर्ती चैत्यभूमीवर सहा डिसेंबरच्या स्टॉलवरून आणली, इंचभराची. फळीवर पुस्तके हवीतच. राणीच्या ग्रंथालयात नामवंत लेखक आहेत, तर आमच्या फळीवर महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आहेत, एकेक पाऊण इंच उंचीचा. आत पाने कोरी आहेत, हे कबूल.

खर्चाचे विचाराल तर गोंद, रंग, ब्लेड आणि मूर्ती मिळून पाचशे रुपयांच्या आत. विहारात एका ज्येष्ठ उपासकांनी मला विचारले, "ताई, वस्तू जमवणे ही तृष्णाच नव्हे का?" मी त्यांना सिगालोवाद सुत्ताची आठवण करून दिली. गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक अडीअडचणीसाठी, असे भगवंतांनी तिथे सांगितले आहे. माझी खोली त्या पहिल्या भागाच्या एका कोपऱ्यात बसते. ते हसले आणि मग बराच वेळ खोलीत डोकावत राहिले.

खरी मौज आली ती चाळीतल्या बायका पाहायला आल्या तेव्हा. आमच्या शेजारच्या मावशींनी चष्मा लावून तपासणी सुरू केली.

"पोरी, तुझ्या आईचा स्टोव्ह उजव्या हाताला होता गं. डावीकडं हंडा-कळशी."

"मावशी, मला तर डावीकडेच आठवतो."

"तू शाळेत असायचीस. रॉकेल कोण आणून देत होतं? मी!"

स्टोव्ह हलला. मग माळ्यावरच्या पेटीत काय होते यावर वाद झाला, खोलीत एका वेळी किती पाहुणे झोपले याचे आकडे वाढत गेले, कुणाच्या लग्नाची वरात पॅसेजमधून कशी निघाली ते निघाले. दोन तास गेले. एरवी या बायका सभेत बोला म्हटले तर पदर तोंडाला लावतात. निघताना मावशींनी खोक्याच्या मागे वाकून पाहिले आणि विचारले, "खोली झाली बाई झकास. पण संडासाची रांग कुठाय?"

त्यांचे बरोबर होते. खोली दाखवली आणि पॅसेज गाळला, तर चाळ अर्धीच राहते. भांडणे तिथे, अभ्यास तिथल्या दिव्याखाली, जयंतीच्या पताका तिथेच कापल्या जायच्या. सध्या ते काम हाती घेतले आहे. मजल्यावरच्या वीस खोल्यांपैकी समोरासमोरच्या सहांचीच दारे करता येतील, बाकी माझ्या टेबलावर मावत नाहीत. टोकाला दोन संडास आहेत आणि रांगेसाठी सात टमरेल. सातवे मावशींनी ठरवले. त्या म्हणाल्या, सकाळी सहा वाजता त्याहून कमी कधीच नसायची.