वजनकाट्यावरची कसरत

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत चंदी पडवो असतो. त्या दिवशी अख्खं शहर घारी खातं. आत मावा, सुकामेवा आणि वरून तुपाचा जाड थर! गेल्या वर्षी त्या सुमारास मी उधन्याला मावसबहिणीकडे होते. (उधना, लिंबायत भागात खानदेशातून कापडधंद्यासाठी गेलेली माणसं इतकी, की रस्त्यात अहिराणी सहज कानावर पडते.) सगळ्यांच्या ताटात घारी होती. तेरा वर्षांची भाची मात्र काकडी कुरतडत बसलेली. ती जिम्नॅस्टिक्स करते. "मावशी, सोमवारी वजन आहे," एवढंच म्हणाली. तिच्या क्लासात दर सोमवारी प्रत्येकीचं वजन करून फळ्यावर लिहितात म्हणे, सगळ्यांसमोर!

हे खूळ आलं कुठून? 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने दहापैकी दहा गुण मिळवले आणि जिम्नॅस्ट म्हणजे चिमुकली, सडपातळ पोर, हे चित्र जगाच्या मनात पक्कं बसलं. त्याची किंमत पुढच्या मुलींनी मोजली. अमेरिकेची ख्रिस्टी हेनरिच ही अव्वल खेळाडू. 1988 मध्ये एका परीक्षकाने तिला वजन कमी करायला सुचवलं आणि तिचं जेवण सुटत गेलं ते सुटलंच. 1994 मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी ती गेली.

मेहनत जास्त आणि खाणं कमी झालं, की शरीर आधी पाळीवर काट मारतं. पाळी लांबते किंवा थांबते, मग हाडं ठिसूळ होतात आणि साध्या सरावातही त्यांना तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 पासून या विकाराची स्वतंत्र दखल घेतली आहे. आपल्याकडे मात्र "खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं" म्हणून आया गप्प बसतात. माझी बहीणही तेच म्हणाली. पंधरावं वर्ष पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा सुरू झालेली तीन महिने चुकली, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

गंमत म्हणजे खेळ केव्हाच पुढे गेलाय. 1997 पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी किमान वय सोळा आहे. सिमोन बाइल्सने 2024 मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदकं जिंकली ती सत्ताविसाव्या वर्षी. उंची चार फूट आठ इंच, पण दंड-मांड्या पाहाव्यात! आपल्या आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचे तळवे सपाट, म्हणजे या खेळाला मुळातच गैरसोयीचे. तरी 2016 मध्ये रिओत 'प्रोदुनोवा'सारखी जीवघेणी उडी मारून ती चौथी आली. कांस्यपदक हुकलं फक्त 0.15 गुणांनी. मे 2024 मध्ये, तिशीत, ताश्कंदला तिने आशियाई सुवर्ण मिळवलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये निवृत्ती घेतली. अशी उडी काकडीवर निघत नाही. त्याला भाकरी, डाळ, दूध, अंडी लागतात.

पोशाखाचंही तसंच. वयात येणाऱ्या मुलीला तोकड्या लिओटार्डची लाज वाटली तर तिला हसू नये. 2021 मध्ये जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घालून आधी बाझेलला आणि मग टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरल्या. नियमात ते बसत होतंच.

आपल्या सीमाभागातल्या घरांत भाषा दोन, त्यामुळे टोमणेही दोन्हीतले. आजी मराठीत 'जाडी झालीस' म्हणते, तर अज्जी कानडीत 'दप्प' म्हणते. दोघींच्या बोलण्यात माया असते, पण तेरा वर्षांच्या पोरीला माया ऐकू येत नाही, शब्द ऐकू येतो. क्लासला तर आईबापांनी सरळ विचारावं: वजन कशासाठी करता? कोण करतं? आकडा कुणाकुणाला दिसतो? त्या वेळी तिथे एखादी बाई हजर असते का? फी आपण भरतो, विचारायला संकोच कसला?