दिएन बिएन फूची लढाई

(१३ मार्च–७ मे १९५४). फ्रेंच वसाहतवादाविरुद्धच्या व्हिएटनामी स्वातंत्र्ययुद्धातील (१९४६–५४) निर्णायक लढाई. दिएन बिएन फू हे लाओसच्या सीमेजवळील, डोंगरांनी वेढलेले खोरे. लाओसचा मार्ग रोखावा व व्हिएटमिन्हला उघड्यावर लढण्यास भाग पाडावे, या हेतूने फ्रेंचांनी २० नोव्हेंबर १९५३ रोजी तेथे छत्रीधारी सैनिक उतरविले. सभोवतालच्या डोंगरांवर शत्रूला जड तोफा चढविता येणार नाहीत, हे त्यांचे गृहीतच घातक ठरले. जनरल व्हो ङ्‌वेन झापने त्या माणसांकरवी ओढून नेऊन डोंगरउतारांत दडविल्या. रसद हमाल व सायकलींवरून आणली. जानेवारीत योजिलेला हल्ला तयारी अपुरी म्हणून त्याने पुढे ढकलला. लढाईचा निकाल बव्हंशी या संयमानेच लागला, असे म्हणावे लागते. मार्चअखेर धावपट्टी निकामी झाली. जखमींना हलविणेही अशक्य झाले. खंदक ठाण्यांना भिडत गेले व ७ मे रोजी जनरल द कास्त्रीचे ठाणे पडले. सु. १०,००० सैनिक कैद झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक परतले नाहीत. दुसऱ्याच दिवशी जिनीव्हा परिषदेत इंडोचायनाचा प्रश्न चर्चेस आला. जुलैमधील करारान्वये १७° अक्षवृत्ताजवळ तात्पुरती सीमारेषा आखण्यात आली. देखरेख आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. १९५६ मध्ये व्हावयाच्या निवडणुका मात्र झाल्या नाहीत.