झोपेतून उठल्यावर अडकणारा लॅपटॉप : कारणांचा शोध आणि उपाय

संस्थेच्या अभ्यासिकेत एक लॅपटॉप आहे, हे बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. विद्यार्थी त्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका पाहतात. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा तोच लॅपटॉप पडद्याला जोडला जातो. हे यंत्र मध्यंतरी एका चमत्कारिक दुखण्याने आजारी पडले. रात्री झाकण मिटून ठेवावे आणि सकाळी उघडावे, तर पडद्यावर आदल्या रात्रीचेच घड्याळ! बाण हलेना, अक्षर उमटेना. शेवटी बटण दाबून धरून यंत्र बंद करावे लागे आणि जे काम अर्धवट राहिले असेल ते जाई.

एका विद्यार्थिनीचा मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज असाच गेला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ही शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आज तिचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो आणि त्याला मुदत असते. मुलीने रात्री बसून निम्मी माहिती भरली होती. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा बसून अर्ज पूर्ण केला म्हणून निभावले. परंतु मुदतीच्या शेवटच्या दिवशी असे झाले असते तर एका वर्षाच्या फीचा प्रश्न उभा राहिला असता. म्हणून हे प्रकरण आम्ही मनावर घेतले.

शहरातील एका दुकानात यंत्र दाखविले. दुकानदाराने पाच मिनिटे पाहून "मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील" असे सांगितले. कार्यकारिणीत वर्गणीची भाषाही सुरू झाली. केसपुत्त गावी भगवान बुद्धांनी कालामांना जो उपदेश केला, तो आपण सर्वांनी ऐकलेला आहे : कोणी जाणता म्हणून मिरवतो एवढ्यावरून त्याचे म्हणणे मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. आम्ही आठ दिवस मागून घेतले. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्र आम्हाला येत नाही. पण बँकेच्या नोकरीत हिशेबातला फरक शोधण्याची सवय लागते, ती येथे कामी आली.

प्रथम झोपेचे दोन प्रकार समजून घेऊ, कारण सगळी गोम तेथेच आहे. संगणकाला दोन स्मरणशक्ती असतात. एक रॅम, म्हणजे कामाचे टेबल. वीज गेली की ते कोरे होते. दुसरी डिस्क, म्हणजे कपाट. त्यातले वीज गेली तरी राहते. बँकेत दुपारी जेवणाची सुट्टी होते तेव्हा रोखपाल गल्ल्याला कुलूप लावून उठतो, टेबलावरचे कागद तसेच राहतात आणि परत आला की जेथून सोडले तेथून काम चालू. संगणकाची साधी झोप, म्हणजे 'स्लीप', ही अशी. रॅमला थोडी वीज मिळत राहते, बाकी बहुतेक भाग विसावतात.

संध्याकाळी मात्र रोकड मोजून तिजोरीत जाते आणि दिवे मालवून शाखेला कुलूप लागते. संगणकाची दीर्घ झोप, म्हणजे 'हायबरनेशन', ही अशी. बेडूक महिनोन्‌महिने जमिनीत निजून राहतो, त्या सुप्तावस्थेवरून हे नाव पडले. यात रॅममधला सगळा मजकूर डिस्कवरील 'हायबरफिल डॉट सिस' नावाच्या लपविलेल्या फाइलमध्ये उतरवून ठेवला जातो आणि मग वीज पूर्ण तोडली जाते. बॅटरी काढून ठेवली तरी हरकत नाही. ही फाइल दाबून लहान केलेली असते. विंडोज १० आणि ११ मध्ये तिच्यासाठी सामान्यतः रॅमच्या ४० टक्के जागा राखली जाते. म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर सव्वातीन जीबीच्या आसपास.

उठताना उलटी क्रिया होते. फाइल वाचून मजकूर पुन्हा रॅममध्ये आणला जातो. हा झाला अर्धा भाग. पडदा, वाय-फाय, कळफलक, यूएसबीची छिद्रे हे सगळे अवयव वीज तोडल्यामुळे पार बंद झालेले असतात. मजकूर मात्र ते चालू असतानाच्या क्षणाचा असतो. तेव्हा प्रत्येक अवयवाला जागे करून पूर्वीच्या स्थितीत आणावे लागते. हे काम त्या त्या अवयवाचा 'ड्रायव्हर' करतो. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्या अवयवामधला दुभाष्या असलेला छोटा प्रोग्राम.

आपल्या कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत सर्वांनी पाहिले आहेत. ताबूत उचलताना सगळ्या खांद्यांनी एकदम उठावे लागते. एका कोपऱ्यातला गडी बसून राहिला तर बाकीचे कितीही जोर करोत, ताबूत जागचा हलत नाही; आणि लांबून पाहणाऱ्याला कोण बसला आहे हे दिसतही नाही. एकच ड्रायव्हर उठला नाही की संगणकाचे असेच होते. यंत्र मेलेले नसते, ते वाट पाहत असते.

आता शोध कसा लागला ते सांगतो. दुकानदाराकडून यंत्र परत आणल्यावर त्याच्याजवळ एक वही ठेवली. झाकण कधी मिटले, कधी उघडले, काय जोडलेले होते, अडकला की नाही, एवढेच लिहायचे. मुलांचे मत असे की सकाळच्या थंडीने तो अडकतो. आठ दिवसांनी वही वाचली तेव्हा थंडीचा संबंध नव्हता. दीड-दोन तास मिटलेला लॅपटॉप एकदाही अडकला नव्हता. तीन तासांपेक्षा जास्त मिटलेला जवळजवळ प्रत्येक वेळी अडकला होता, मग ती रात्र असो की रविवारची दुपार.

तीन तासांनी काय होते? कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंग्जच्या यादीत, 'हायबरनेट आफ्टर' अशी एक ओळ सापडली. तेथे १८० मिनिटे लिहिलेली होती. म्हणजे झाकण मिटल्यावर यंत्र आधी साधी झोप घेई आणि १८० मिनिटांनी आपण होऊन दीर्घ झोपेत जाई. साध्या झोपेतून ते व्यवस्थित उठे, दीर्घ झोपेतून उठताना अडके. रीस्टार्ट केले तर दिवसभर तक्रार नसे. मदरबोर्डच गेला असता तर त्याने तीन तासांचे घड्याळ पाहिले नसते. नऊ हजारांचा प्रश्न बराचसा तेथेच मिटला.

विद्यार्थी मित्रांनी येथे एक गोष्ट करून पाहावी. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरे टंकित करून येणारी काळी खिडकी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' या पर्यायाने उघडावी. त्यात पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही अक्षरे सलग, मग एक मोकळी जागा, उजवीकडे कललेली तिरपी रेघ आणि ए, असे लिहून एंटर दाबावे. हा आदेश काही बदलत नाही, फक्त आपल्या यंत्राला झोपेचे कोणकोणते प्रकार येतात हे सांगतो. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये जुनी 'एस ३' झोप नसते, तिच्या जागी मोबाइलसारखी अर्धजागी 'एस शून्य' झोप असते.

दीर्घ झोपेचे दुखणे म्हटल्यावर दोन संशयित राहिले : एक तर ती फाइल बिघडलेली, नाही तर कोणी ड्रायव्हर उठत नाही. फाइलीपासून सुरुवात केली, कारण तो उपाय बिनखर्ची आहे. त्याच काळ्या खिडकीत वरील शब्दापुढे तिरपी रेघ, एच, मोकळी जागा आणि ऑफ असा आदेश दिला की जुनी फाइल पुसली जाते. यंत्र रीस्टार्ट करून ऑफच्या जागी ऑन लिहिले की ती नव्याने तयार होते. तत्पूर्वी सी ड्राइव्हवर जागा आहे का ते पाहावे. आपल्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह कार्यक्रमांच्या चित्रफितींनी काठोकाठ भरला होता (जयंतीची तीच मिरवणूक चार जणांनी चार वेळा उतरवून ठेवली होती!). त्या बाहेरच्या डिस्कवर हलविल्या. डिस्कची तपासणी 'चेकडिस्क' या आदेशाने केली, दोष निघाला नाही. एवढे करूनही लॅपटॉप अडकलाच.

मग बाहेरून जोडलेल्या वस्तू, म्हणजे प्रिंटर, माउस, पेनड्राइव्ह, सगळ्या काढून पाहिले. पुष्कळ ठिकाणी दोष येथेच सापडतो. आपल्याकडे तसे झाले नाही.

खरा धागा एका छोट्या दिव्याने दिला. अडकलेल्या अवस्थेत कॅप्स लॉकची कळ दाबली की तिच्यावरचा दिवा लागे आणि विझे. म्हणजे आत यंत्र जागे होते! मग विंडोजची खूण असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या. यामुळे पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक बारीक टुक असा आवाज झाला, पडदा क्षणभर काळा झाला आणि बाण हलू लागला. अभ्यासिकेतल्या मुलांनी टाळ्या वाजविल्या. मुख्य म्हणजे अर्धवट काम जसेच्या तसे होते. हा उपाय आधी ठाऊक असता तर त्या मुलीचा अर्ज गेला नसता, याची चुटपुट आम्हाला आजही आहे. (कॅप्स लॉकचा दिवाही दाद देत नसेल तर यंत्र खरोखर गोठले आहे असे समजावे, मग बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून ते बंद करण्यावाचून गत्यंतर नसते.)

तेव्हा बसून राहिलेला गडी म्हणजे पडद्याचा ड्रायव्हर. तो का बसला? वहीच्या पहिल्या पानावर आम्ही 'केव्हापासून?' एवढाच प्रश्न लिहिला होता, त्याचे उत्तर आता आठवले. विंडोज १० साठीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या माणसाला वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. त्यानंतर एका कार्यकर्त्याने आपल्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढविली होती. काम चांगलेच केले. परंतु अशा मोठ्या बदलात कधी जुना ड्रायव्हर तसाच राहतो, कधी सर्वसाधारण ड्रायव्हर बसविला जातो. रोजच्या वापरात तो चालून जातो, दीर्घ झोपेतून उठविण्याच्या अवघड कामात मात्र कमी पडतो. दुखणे त्या आठवड्यापासूनच सुरू झाले होते, पण कोणी जोडून पाहिले नव्हते.

लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नमुन्याचा क्रमांक देऊन पडद्याचा नवा ड्रायव्हर घेतला आणि बसविला. ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' अशी जाहिरात करणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये. काही वेळा उलटे घडते. नव्या सुधारणेनंतरच बिघाड सुरू होतो. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' करून मागच्यावर जावे लागते. त्याच संकेतस्थळावर बायोसची सुधारणाही मिळते. तिनेही असे दोष जातात, मात्र ती करताना वीज गेली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. आपल्याकडे विजेचा भरवसा किती हे सांगायला नको. बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला असल्याशिवाय तिला हात लावू नये. आम्हाला तिची गरज पडली नाही.

नव्या ड्रायव्हरनंतर मुद्दाम दहा वेळा यंत्र हायबरनेट केले आणि उठविले. दहाही वेळा उठले. वहीत दहा टिचक्या आहेत, पाहून घ्याव्यात.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे, कारण पुष्कळांचा येथे गैरसमज असतो. "आम्ही हायबरनेट करतच नाही, रोज शट डाउन करतो, तरी सकाळी अडकतो," असे काही सभासद सांगतात. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर मात्र त्याच हायबरफिल फाइलमध्ये निजतात. म्हणजे दुकानाचा दरवाजा लावला तरी मालक आत झोपलेलाच. अशा यंत्राचे पूर्ण स्नान फक्त रीस्टार्टने होते, अथवा शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केल्याने. पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' या ठिकाणी फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. अभ्यासिकेच्या लॅपटॉपवर आम्ही ती काढली आहे. सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, एवढाच तोटा.

मग हायबरनेशनच कायमचे बंद का करू नये, असे एका सभासदांनी विचारले. तसे करता येते. वर दिलेला ऑफचा आदेश तेच करतो आणि डिस्कवर जागाही मोकळी होते. परंतु साध्या झोपेत बॅटरी हळूहळू उतरते आणि पूर्ण उतरली की टेबलावरचे सगळे पुसले जाते. जेथे रात्री चार्जर काढून ठेवण्याची शिस्त आहे तेथे दीर्घ झोप हाच भरवसा आहे. ज्यांचा लॅपटॉप दिवसभर विजेला जोडलेला असतो त्यांनी ती खुशाल बंद करावी.

लॅपटॉप दीर्घ झोपेत असताना त्याची रॅम बदलू नये. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावून तिच्यावर काही लिहू नये. तिजोरी बंद असताना मागच्या दाराने हिशेब बदलल्यासारखे ते होते, आणि उठल्यावर फाइली बिघडू शकतात.

चार कळांचा तो उपाय कागदावर लिहून लॅपटॉपच्या शेजारी भिंतीला चिकटविला आहे. वही तेथेच आहे. यंत्र पुन्हा अडकले तर बटण दाबण्यापूर्वी कॅप्स लॉकचा दिवा पाहावा आणि वहीत वेळ लिहावी, ही विनंती.