कोसा, भाता आणि वाटेत विरलेला प्रकाश

पावसाळ्याच्या तोंडाशी धानोऱ्याजवळ ऐनाच्या फांदीवरचा कोसा फोडून टसरचा पतंग बाहेर आला, तेव्हा मी दोन कॅमेरे घेऊन समोर बसलो होतो. एक ३५ मिमीचा. दुसरा मागून आणलेला, ४ बाय ५ इंची शीट फिल्मचा, लांब भात्याचा. दोन्हींत सारख्याच वेगाची स्लाइड फिल्म. छोट्या कॅमेऱ्यातल्या मीटरने एफ १६ ला अर्धा सेकंद सांगितला, तोच मी मोठ्यालाही दिला. छोटी चित्रं छान आली. मोठ्या चारही शीट काळपट. या पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. आठवडाभरात त्याचा खेळ संपतो. पुन्हा टिपायला तो थोडाच थांबणार!

‘मोठी फिल्म, म्हणून जास्त प्रकाश,’ असं एका जाणत्याने समजावलं. ते अर्धंच खरं. दूरचा डोंगर टिपताना दोन्हींना एक्स्पोजर सारखंच लागतं. फरक पडतो तो जवळ गेल्यावर, आणि तोही प्रतिमा किती मोठी पडते त्यावर.

मला चौकटीत ७२ मिमी रुंदीची जागा हवी होती. ३५ मिमीच्या फिल्मवर तिची प्रतिमा ३६ मिमी, म्हणजे निम्मी. शीटवर ती सुमारे १२० मिमी, म्हणजे १.६७ पट. प्रतिमा मोठी करायची तर भिंग फिल्मपासून दूर न्यावं लागतं. माझं १५० मिमीचं भिंग ४०० मिमीवर गेलं होतं. कंदील भिंतीपासून लांब नेला की उजेड पसरतो आणि फिका पडतो, तसंच हे. एफचा आकडा मात्र दूरच्या दृश्यासाठी कोरलेला. भाता ताणला तरी तो बदलत नाही. माझा एफ १६ प्रत्यक्षात एफ ४३ च्या आसपास काम करत होता.

हिशेब सोपा आहे: प्रतिमेच्या पटीत १ मिळवा आणि वर्ग करा. छोट्या फिल्मला २.२५ पट, ६ बाय ६ सेंमीच्या फिल्मला ३.२ पट, शीटला ७.१ पट प्रकाश हवा. छोट्या कॅमेऱ्याचा मीटर भिंगातूनच बघतो, त्यामुळे त्याचे २.२५ त्याने आधीच धरले होते. शीटला त्याच्या तिप्पटीहून थोडा जास्त वेळ हवा होता, १.६ सेकंद. एवढ्या वेळाला फिल्मही जरा आळसावते, तेव्हा दोन म्हणा.

उलट पतंगाचं अंडं दोन्ही फिल्मांवर आहे त्याच आकाराचं उमटवलं, तर दोघींनाही चारपटच.

हल्ली भात्याचा कॅमेरा हाती आला की शिंप्याची टेप काढतो. भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर भागिले भिंगाचा आकडा, आणि त्याचा वर्ग. ४०० भागिले १५०, वर्ग ७.१.