दहा मूल्ये आणि मधली सुट्टी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षण आले. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता अशी दहा मूल्ये ठरली आणि शाळांच्या भिंतींवर ऑइलपेंटने रंगलीही. परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा, दिनविशेष असा क्रम बसला. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, निम्मी मूल्ये तरी घडाघडा म्हणून दाखवेल. पण सौजन्यशीलतेवर बोधकथा सांगून टाळ्या घेणारा मुलगा मधल्या सुट्टीत कुणाला ‘ढापण्या’ म्हणे, कुणाचा डबा पळवे, कुणाला जातीवरून टोमणा मारे. आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नसे. तक्रार गेलीच तर गुरुजींचे उत्तर ठरलेले : ‘तू कशाला त्याच्या नादी लागतोस?’ म्हणजे ज्याला त्रास झाला, समजही त्यालाच.

कायद्यांनीही लहान वर्गांकडे फारसे पाहिले नाही. १९९९चा रॅगिंगविरोधी कायदा लोकांना माहीत झाला तो कॉलेजांपुरता. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी घातली, पण रोख राहिला छडी उगारणाऱ्या मोठ्यांवर.

त्याच २००९मध्ये बीड जिल्ह्यातल्या पाचशे शाळांत सामाजिक कार्यकर्ते शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा आधार होता संविधानातली मूल्ये, आणि भर सांगण्यापेक्षा करून घेण्यावर. वर्गाचे नियम मुलांनीच ठरवायचे, जोडीत बोलायचे, गटात काम करायचे. दुसरी-तिसरीच्या वर्गात या पद्धतीने काय घडते ते पाहण्यासारखे असते. ‘तुला कुणी चिडवले तर कसे वाटते?’ हे जोडीदाराला विचारायचे आणि त्याचे उत्तर उभे राहून आपण सांगायचे. पहिली दोन-चार मुले फिदीफिदी हसतात. मग एखादी मुलगी सांगते, ‘हिला शाळेत यावंसं वाटत नाही,’ आणि हसणे आपोआप थांबते. भिंतीवरच्या ‘संवेदनशीलता’ने हे कधी साधले नव्हते.

पुढच्या दशकात सरकारच्या साथीने हा कार्यक्रम राज्यभर पसरला. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. चौथीपर्यंतचे वर्ग गावांतही भरू लागले ते २०२१च्या डिसेंबरात. एकमेकांशी बोलायला, भांडायला आणि भांडण मिटवायला शिकण्याची ती वर्षे मुलांनी घरात काढली होती. शाळा उघडल्यावर मात्र घाई झाली ती बुडालेल्या अभ्यासाची.

या सगळ्यात मला एक गोष्ट कायम खटकत आली आहे. मुलांमधला छळ कमी झाला की नाही, हे आपण मुलांना विचारलेच नाही. नॉर्वेत १९८२च्या अखेरीस छळाला कंटाळून तीन मुलांनी जीव दिला आणि पुढच्या वर्षी देशव्यापी मोहीम निघाली. बर्गनमध्ये मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी सुमारे अडीच हजार मुलांकडून निनावी प्रश्नावली भरून घेतली. दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. रोगालँड भागात मात्र त्याच मोहिमेनंतर झालेल्या पाहणीत तशी घट दिसली नाही. शाळांना नुसते मोहिमेचे साहित्य पोचवून काम भागत नाही, हे नॉर्वेला कळले ते मोजल्यामुळे. आपल्याकडे मोजले जाते ते प्रशिक्षण किती शिक्षकांनी घेतले आणि पुस्तिका किती वाटल्या. बदली, निवडणुकीची कामे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत गुरफटलेल्या शिक्षकाने मूल्यवर्धनाचा तास खरोखर घेतला का, हा प्रश्न अहवालात येतच नाही.

मूल्यवर्धनाची वाट बरोबर आहे, असे माझे मत आहे. म्हणून मुख्याध्यापकांना एवढीच विनंती : सत्रातून एकदा प्रत्येक मुलाला कोरी चिठ्ठी द्या, नाव लिहायला सांगू नका, आणि विचारा, ‘तुला शाळेत कुणी त्रास देते का, आणि तेव्हा बाकीचे काय करतात?’ लिहिता न येणाऱ्यांसाठी हसरा आणि रडका चेहरा काढून द्या. त्या चिठ्ठ्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचा, पालकांसमोर.