तोरणमाळच्या घराला जनरेटर किती केव्हीएचा?

घरासाठी जनरेटर निवडताना सगळ्या उपकरणांच्या वॅटची नुसती बेरीज करून भागत नाही. सहा एलईडी दिवे, तीन पंखे आणि टीव्ही मिळून जेमतेम 375 वॅट होतात. फ्रिज चालू असताना साधारण 150 वॅट घेतो, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर 800 वॅटपर्यंत मागणी जाते. पाण्याची मोटार याहून भारी. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. मात्र ही मोटारीने दिलेली शक्ती झाली. एक हॉर्सपॉवरची मोटार वीज घेते सुमारे 1,100 वॅट आणि सुरू होताना किमान तिप्पट, कारण थांबलेली मोटार फिरू लागेपर्यंत तिच्यातून प्रचंड प्रवाह वाहतो. मोटारीसह या घराची गरज अशी 4 किलोवॅटच्या आसपास पोहोचते.

जनरेटर मात्र केव्हीएमध्ये विकला जातो. डिझेल संचांचा पॉवर फॅक्टर बहुधा 0.8 धरतात, म्हणजे 4 किलोवॅटसाठी 5 केव्हीए लागतात. हा हिशेब नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या सपाटीचा.

सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातले तोरणमाळ सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे इंजिनाला इंधन जाळायला प्राणवायू कमी मिळतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर 300 मीटरला सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते. तोरणमाळला ही घट 13 टक्क्यांच्या घरात जाते. त्याच घराला तिथे 6 केव्हीएचा संच हवा. सपाटीवर उंचीचा प्रश्न नाही, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. हवा तापली की तीही विरळ होते, म्हणून तिथेही थोडी राखीव क्षमता ठेवावीच.

तरीही मोठ्यात मोठा संच घेणे शहाणपणाचे नाही. डिझेल इंजिन सतत एक-तृतीयांशापेक्षा कमी भारावर चालले, तर इंधन पुरते जळत नाही आणि काजळी साचते. त्यापेक्षा वीज असतानाच पाण्याची टाकी भरून ठेवावी. मोटार वगळली की तोरणमाळलाही 2 केव्हीए पुरतात.

जोडणी चेंजओव्हर स्विचमधूनच करावी. नाहीतर वीज उलट वाहिनीत जाऊन खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतते. थंडी-पावसातही जनरेटर घरात किंवा पडवीत चालवू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.