जंपसीट : कॉकपिटमधील विनामूल्य आसनाचे नियम

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे एक-दोन जादा आसने असतात. त्यांना 'जंपसीट' म्हणतात. उड्डाणाची पाहणी करणारे निरीक्षक या आसनावर बसतात. पण अमेरिकेत कामावर नसलेले वैमानिकही त्यावरून विनामूल्य प्रवास करतात. घर एका शहरात आणि नेमणुकीचा तळ दुसऱ्या शहरात, अशी तेथील अनेक वैमानिकांची स्थिती असल्याने ही सवलत त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

मात्र हा कायदेशीर हक्क नव्हे. कॉकपिटमध्ये कोणाला प्रवेश देता येईल, एवढेच सरकारी नियम सांगतात. इतर कंपन्यांच्या वैमानिकांना न्यायचे की नाही, हे विमान कंपन्यांच्या परस्पर करारांवर अवलंबून असते. मालवाहू कंपन्याही त्यात सहभागी आहेत. सर्वसाधारणपणे स्वतःच्या वैमानिकांना प्राधान्य मिळते आणि अंतिम निर्णय त्या विमानाच्या कॅप्टनचा असतो.

सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर कॉकपिटचे दार अधिक कडेकोट झाले. आता प्रवेशापूर्वी वैमानिकाची ओळख आणि नोकरी यांची संगणकीय पडताळणी केली जाते. तरीही पडताळणीतून माणसाची मनःस्थिती कळत नाही. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी होरायझन एअरच्या विमानात जंपसीटवरील वैमानिकाने इंजिने बंद करणाऱ्या मुठी ओढण्याचा प्रयत्न केला. चालक वैमानिकांनी त्याला रोखले आणि विमान पोर्टलंडला सुखरूप उतरवले.

याच आसनाने विमान वाचवल्याचेही उदाहरण आहे. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियातील लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स विमान वारंवार नाक खाली करू लागले, तेव्हा कॉकपिटमध्ये बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाची मदत झाली. दुसऱ्या दिवशी तेच विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी कॉकपिटमध्ये दोघेच वैमानिक होते.

खरा प्रश्न विश्रांतीचा आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जणांचा बळी गेला. त्या विमानाची सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांतून नेवार्कला पोहोचली होती. या दुर्घटनेमुळे वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न ऐरणीवर आला. जानेवारी २०१४ पासून अमेरिकेतील प्रवासी विमानसेवांना विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. कंपनीच्या आदेशाने केलेला प्रवास कामाच्या वेळेत मोजला जातो; घरून तळावर येण्यासाठी जंपसीटवर घालवलेला वेळ मात्र मोजला जात नाही. उड्डाणासाठी आपण ताजेतवाने आहोत, याची खात्री वैमानिकानेच द्यायची असते.

म्हणूनच जंपसीट ही केवळ पैशांची बचत करणारी सवलत नाही. त्या आसनावरून उतरणारा वैमानिक काही तासांतच शेकडो प्रवाशांची जबाबदारी स्वीकारणार असतो.